वाडीत बसावयास जागा हवी

वसई तालुक्यात लोहमार्ग ओलांडून समुद्राच्या दिशेने निघाले, की गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, आगाशी या गावांतून वाड्यांचा हिरवा पट्टा लागतो. काही गुंठ्यांच्या जागेत नारळी-पोफळी, केळी, पानवेल, अळू, भाजीचे वाफे, सोनचाफा आणि मोगरा यांची एकमेकांच्या आधाराने व सावलीने केलेली लागवड, तिच्या मध्ये घर, आणि घराच्या पाठीशी विहीर किंवा बावखल, असे या वाडीचे रूप आहे. वसईच्या पालेभाजीने आणि फुलांनी मुंबईचे बाजार पिढ्यानपिढ्या भरले. आगाशीची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधलेला खाऊ, आजही जाणकार मागून घेतात. अशा शेतीत यंत्रापेक्षा डोळ्याचे काम अधिक असते. कोणत्या केळीचे खालचे पान पिवळे पडले, कोणत्या माडाचा कोवळा झाप कात्रीने कापल्यासारखा दिसतो, पाटाचे पाणी कोठे मुरते आणि कोठे तुंबते, हे ज्याला रोज दिसते त्याचीच वाडी टिकते. आणि रोज दिसण्यासाठी माणसाने वाडीत काही वेळ निवांत बसले पाहिजे. ही गोष्ट इतकी साधी आहे, की विस्तारकार्याच्या कोणत्याही पुस्तिकेत तिला स्थान मिळालेले नाही.

पूर्वी या बसण्याची वेगळी व्यवस्था करावी लागत नसे. बावखलावर किंवा विहिरीवर रहाट असे, आणि तो ओढणाऱ्या बैलावर अथवा रेड्यावर लक्ष ठेवण्यास कोणीतरी तेथे असावेच लागे. रहाट फिरत राही, पाणी पाटाने वाहत राही आणि रहाटाजवळच्या दगडावर बसलेल्या माणसाकडे शेजारचा वाडीवाला येऊन टेके. मुनव्यांची देवघेव तेथे ठरे, पानवेलीच्या मांडवाचे काम कोणाकडे कधी निघायचे हे तेथे ठरे, बाजारात कालच्या फुलांना काय भाव आला तेही तेथेच कळे. विजेचा पंप आला आणि मनुष्याचे व जनावराचे कष्ट वाचले. ते वाचावयासच हवे होते. रहाटाच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनी तो एकदा दिवसभर हाकून पाहावा. तथापि पंपाबरोबर त्या दगडावरची बैठकही मोडली. कळ दाबून माणूस घरात जातो, पाणी चालू राहते, आणि ते कोठे गेले हे पाहण्यास वाडीत कोणी नसते.

ज्यांना वसईचा परिचय नाही त्यांच्यासाठी बावखलाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. त्याचे काठ उतरते असतात, काठाने नारळी, केळी व अळू असते, आणि पावसाळ्यात भोवतालचे पाणी त्यात उतरते. या भागात वर्षाकाठी साधारणपणे २००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तो सारा चार महिन्यांत पडून समुद्राकडे धावू पाहतो. बावखल त्याला थांबविते आणि जमिनीत मुरविते. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण गोडे पाणी वजनाने किंचित हलके. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत एका डच आणि एका जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे या गोष्टीचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट बाजूने पाहिल्यास, उपशाने ही वरची पातळी कायमची १ फुटाने उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फुटांनी वर सरकते. जमीन सर्वत्र सारखी नसल्याने हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, परंतु त्याची दिशा चुकत नाही. बावखल बुजविणारा मनुष्य आपल्या जमिनीतील एक खड्डा बुजवितो असे त्याला वाटते. वास्तविक शेजारच्या दहा वाड्यांखालचे गोडे पाणी तो उचलून देत असतो.

आणि बावखले बुजत आहेत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली, आणि २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला. शहराला सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. वाडीला तिच्या पोटातील पाण्यावाचून दुसरा आधार नाही. मध्यंतरी येथील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि हिरव्या पट्ट्यात इमारती येऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली व तिने मोठा लढा दिला. तो इतिहास या लेखाचा विषय नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे, की मोर्च्याने थांबलेला भराव एका रात्री पुन्हा पडू शकतो, पण ज्या बावखलाच्या काठी रोज संध्याकाळी पाचसहा माणसे बसलेली असतात तेथे ट्रक रिकामा करण्यास कोणी सहसा धजत नाही.

म्हणून वाडीत ओटा असावा, हे या लेखाचे म्हणणे आहे. तो कसा असावा याविषयी वाडीवाल्यांतच मतभेद होतात, आणि ते ऐकण्यासारखे असतात. वादळात माड पडला आहे, त्याचे खोड बावखलाच्या काठी आडवे आहे, आणि त्यावर बसून बोलणे चालले आहे, असे दृश्य या गावांतून पावसाळ्याच्या शेवटी कोठेही दिसते. तेव्हा तरुण वाडीवाला म्हणतो, “काका, हे खोड इथेच राहू द्या. बसायला आयते बाक झाले.” काका म्हणतात, “अरे, बसशील तू आणि खाईल भुंगा. दोन पावसाळ्यांत ते आतून पोखरेल, आणि बाहेर पडलेले भुंगे माझ्याच माडांवर चढतील.” तिसरा म्हणतो, त्यापेक्षा सिमेंटचे तयार बाक आणावे, एकदा ठेवले की काळजी नको. इतक्यात घरातून आलेली बाई टोपली खाली ठेवीत म्हणते, “तुम्हांला बसायला हवे, भावजी, मला कळ्या निवडायला हवे. गुडघे मोडून जमिनीवर किती दिवस बसू?” आणि चर्चेला खरे वळण लागते ते येथेच.

काकांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. नारळावरील गेंड्या भुंगा आपली अंडी कुजक्या शेणखतात घालतो, तशीच कुजत्या माडाच्या खोडातही घालतो. तेथेच त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या वाढतात, आणि पुढे भुंगा होऊन माडाच्या कोंबात शिरतात. कापल्यासारखे दिसणारे झाप हे त्याचेच लक्षण. तेव्हा आडवे पडलेले अखंड खोड ही वाडीतील सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट बैठक होय. पण ते खोड टाकून देण्याचेही कारण नाही. माडाच्या खोडात सागासारखा मधला टणक गाभा नसतो. त्याचा कठीण भाग बाहेरच्या बाजूस आणि बुंध्याकडे असतो, मधला भाग मऊ व भुसभुशीत असतो. जुन्या माडाचा बुंध्याकडील भाग उभा चिरून, मधला मऊ भाग काढून टाकून, बाहेरच्या फळ्या सावलीत वाळवाव्या. मऊ भागाचे लहान तुकडे करून जाळावे. खताच्या खड्ड्यात टाकू नये, नाहीतर भुंग्याचीच सोय होते. या फळ्यांचा मातीशी संबंध येऊ देऊ नये, कारण मातीला टेकलेले माडाचे लाकूड फार वर्षे टिकत नाही. दोन बाजूंस दगडाचे खांड ठेवून त्यांवर फळ्या घातल्या, की खालून वारा खेळतो, वाळवी चढलेली दिसते, आणि हे काम घरच्या घरी, गवंड्यावाचून होते.

लाकडाला लावण्यासाठी मोटारीचे जळके तेल मिळते आणि ते फुकट म्हणून वापरले जाते. बावखलाच्या काठी ते कदापि वापरू नये. पहिल्या पावसात ते पाण्यावर तवंग होऊन दिसेल. कोकणात होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे, ती येथे उपयोगी पडेल. हे तेल ओले असता अंगाला लागल्यास फोड येतात, म्हणून लावताना हात झाकावे, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्या फळीवर मुलांना बसू देऊ नये. पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या किंवा बांबू वापरावयाचा असल्यास बांबू तीनचार वर्षांचा, थंडीच्या दिवसांत तोडलेला घ्यावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्ट निघून गेले की भुंगेरे त्याला कमी लागतात. हे भिजविणे एखाद्या डबक्यात करावे, बावखलात नव्हे, कारण पाण्याला वास येतो.

दगड मात्र कोठून आणावयाचा याचा विचार करावा. मोडलेल्या जोत्याचा, जुन्या पायऱ्यांचा किंवा पडक्या विहिरीचा दगड बहुतेक वाड्यांत असतोच. वसईच्या किल्ल्यातून एक चिराही आणू नये. तो संरक्षित वास्तू आहे म्हणून, आणि ज्या भिंतीसाठी १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने एवढी किंमत मोजली ती कोणाच्या बाकाखाली यावी हे शोभतही नाही म्हणून.

झाडाची निवड हा यापुढचा प्रश्न. नारळाखाली बैठक करू नये; सुके झाप आणि नारळ कोणाची विचारपूस करून पडत नाहीत. चिंच, आंबा, फणस, उंडी, बकुळ यांपैकी जे झाड आधीच उभे असेल ते घ्यावे. त्याच्या पूर्वेच्या बाजूस ओटा धरल्यास दुपारनंतर सावली तिकडे येते आणि समुद्राकडील वारा मिळतो. खोडाभोवती पार बांधण्याची हौस पुष्कळांना असते. पार बांधताना खोडाला लागून माती चढवितात, वरून फरशी बसवितात, आणि चारपाच वर्षांनी झाड वरून वाळू लागले म्हणजे दृष्ट लागली असे म्हणतात. खोडाचा जमिनीलगतचा भाग मोकळा राहिला पाहिजे. मातीत गाडलेली साल कुजते. मुळांनाही हवा व पाणी लागते. म्हणून बुंध्याभोवती निदान दोन-तीन फूट जागा उघडी ठेवून पलीकडे दगडांची सुकी रचना करावी, म्हणजे चुना-सिमेंटावाचून दगडावर दगड बसवावा. पाऊस त्यातून जिरतो, एखादा दगड हलला तर पुन्हा बसविता येतो.

सिमेंटच्या बाकाविषयीचे तिसऱ्या वाडीवाल्याचे मत सरसकट खोडून काढता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाला टेकावयास पाठ लागते, आणि तयार बाकाला ती असते. पण बाकामागोमाग फरशी येते, फरशीमागोमाग बावखलाचा काठ पक्का बांधून घेण्याचा बेत येतो, आणि मग वाडी सहलीच्या जागेसारखी दिसू लागते. किनाऱ्याकडील काही भागात हे घडलेले आहे. काठ सिमेंटने बांधला की वाडीतून झिरपणारे पाणी बावखलात येणे आणि बावखलातील पाणी वाडीत मुरणे, दोन्ही अडते. उरतो तो हौद. शोभेसाठी एवढी किंमत देणे अव्यवहाराचे आहे. पाठीसाठी पोफळीच्या चार पट्ट्या दगडी ओट्याला मागून उभ्या केल्या तरी पुरतात.

आता कळ्या निवडणाऱ्या बाईचे म्हणणे. वसईच्या वाडीतील निम्म्याहून अधिक बारीक काम स्त्रिया करतात असे म्हटल्यास ते कोणालाही नाकारता येणार नाही. पहाटे कळ्या खुडणे, त्या निवडणे, पहिल्या गाड्यांनी दादरला जाणाऱ्या टोपल्या बांधणे, पाने मोजून त्यांच्या कवळ्या लावणे, भाजीच्या जुड्या बांधणे, ही सारी कामे वाकून किंवा उकिडवे बसून केली जातात. ओटा पुरुषांच्या गप्पांसाठी बांधला तर तो संध्याकाळी तासभर उपयोगी पडेल. कामासाठी बांधला तर पहाटेपासून रात्रीपर्यंत उपयोगी पडेल, आणि गप्पा तेथे होतीलच. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद व दीड फूट उंच ओटा, त्यासमोर सव्वा फूट उंचीचे एक सुटे बाकडे, आणि ओट्यावर पाऊस व ऊन अडविणारे झापांचे साधे छप्पर, एवढी मांडणी झाली की ओट्यावर टोपली ठेवून बाकड्यावर बसून काम करता येते. सुकेळी करणाऱ्या घरी हाच ओटा छप्पर काढून वाळवणाच्या मांडवासाठी वापरता येईल. ओट्याखाली कोयता, कुदळ ठेवण्यास खण ठेवावा. भोवतालचे गवत मात्र काढलेले असावे आणि पाचोळ्याचा ढीग दूर असावा. सापाला सावली आणि उंदीर दोन्ही आवडतात. डासांसाठी पुष्कळदा बावखलाला दोष दिला जातो. ज्या बावखलात मासे आहेत त्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. डेंग्यूचे डास वाढतात ते वाडीत उपड्या न केलेल्या करवंट्यांत, फुटक्या डब्यांत आणि टायरांत.

ओटा बांधण्यास जागा अडते, आणि माणसे बसली की कामाचा खोळंबा होतो, असे दोन आक्षेप काटकसरी वाडीवाले घेतात. जागेचा हिशेब पंधरा चौरस फुटांचा आहे आणि तीही झाडाच्या दाट सावलीतील, जेथे भाजी येत नाही. खोळंब्याचे म्हणाल, तर एका उदाहरणाने तो हिशेब होईल. केळीचा मर रोग मुनव्यांबरोबर आणि पाण्याबरोबर एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातो. रोगट झाडाची खालची पाने आधी पिवळी पडून बुंध्याशी मोडून लोंबतात, आणि खोड आडवे कापले तर आत तांबूस-तपकिरी ठिपके व वलये दिसतात. जमिनीत शिरलेला हा रोग वर्षानुवर्षे तेथे राहतो. ओट्यावर बसलेल्या चौघांपैकी एकाने जरी हे पाहिलेले असले, तरी दुसऱ्याने त्या वाडीतील मुनवे आणण्याचा बेत तेथल्या तेथे रद्द होतो. अर्धा तास बोलण्यात गेला आणि केळीचा बाग वाचला.

अर्थात गप्पांतून चुकीची गोष्टही तितक्याच वेगाने पसरते. कोणी एखादे औषध दुप्पट प्रमाणात मारले व योगायोगाने कीड कमी झाली, की आठवड्यात सर्व गावात तेच प्रमाण रूढ होते. म्हणूनच गावपातळीवरील विस्तार-कार्यकर्त्याने त्या ओट्यावर असणे जरूर आहे. आजची पद्धत अशी, की सभागृह घ्यावे, खुर्च्या मांडाव्या, ध्वनिवर्धक लावावा, पाहुण्यांना हार घालावे आणि तासभर व्याख्यान द्यावे. शेतकरी ऐकतो, चहा घेतो, घरी जातो. त्याच्या मनातील प्रश्न त्याने विचारलेला नसतो, कारण ज्या पानावरचा ठिपका त्याला दाखवावयाचा असतो ते पान त्याच्या वाडीत असते. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचे सूत्र हेच होते. शेतकऱ्यांनी हंगामभर दर आठवड्यास शेताच्या बांधावर जमावे, पिकात उतरून स्वतः कीड व मित्रकीटक मोजावे, मग सावलीत बसून काय करावयाचे ते आपसांत ठरवावे. महाराष्ट्रातही कृषी विभागाच्या शेतीशाळा त्याच धर्तीवर चालतात. वसईत त्यांच्यासाठी वेगळी जागा शोधण्याचे कारण नाही. ज्या वाडीत ओटा आहे तेथे जावे, कार्यकर्त्याने बाकड्यावर बसावे आणि प्रथम अर्धा तास ऐकावे. पत्रक शेवटी द्यावे.

ओट्यावर बसणाऱ्या मंडळींना एक लहानसे काम सुचवावेसे वाटते. बावखलात काठाजवळ, पोहोचता येईल अशा ठिकाणी, एक सरळ खांब रोवावा आणि त्यावर दर अर्ध्या फुटावर पांढऱ्या रंगाची खूण करावी. पाऊस ओसरून बावखल भरलेले असेल तेव्हाची पातळी ही पहिली नोंद. मग दर पौर्णिमेस पाणी कोणत्या खुणेवर आहे ते एका वहीत तारखेसह लिहावे. चैत्र-वैशाखात पातळी खाली गेली म्हणजे बाटलीभर पाणी मृद व जल तपासणीसाठी द्यावे, आणि दर वर्षी त्याच महिन्यात द्यावे, म्हणजे क्षार वाढतात की नाही ते आकड्यांत दिसेल. शेजारच्या दोनतीन बावखलांवर अशाच खुणा झाल्या, तर कोणाच्या पंपाने कोणाचे पाणी उतरते हेही वहीवरून कळेल, आणि भांडणाऐवजी पाळी ठरविता येईल. वही ओट्याखालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी. नोंद करण्याचे काम घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीकडे दिल्यास ती सहसा चुकत नाही.